परागंदा नवऱ्यांची यादी

"मागून आणल्याला भात शिजे आळणी,
घामाच्या मुठीची पेज लोण्यावाणी..."

येसूच्या कानात आईचा हा आवाज अजून होता. माहेरी, कडावला, अंगणाच्या कडेला उखळ होतं. मुसळ वर गेलं की आई श्वास घ्यायची, खाली आलं की शब्द सोडायची. त्यामुळे तिची ओवी कधी घाईची नसे. भाताचं तूस उडायचं, आईच्या भुवया पांढऱ्या व्हायच्या, आणि येसू समोर बसून सुपातले खडे वेचता वेचता ती ओवी गिळत राहायची.

आई जाऊन आठ वर्षं झाली होती. पूर्वी ही ओवी आठवली की येसूचे डोळे भरून यायचे. आताशा चीड यायची. वाटायचं, आईला समोर बसवून विचारावं: बये, घामाची पेज गोड हे खरं. पण घाम पुरा गाळूनही मूठ अर्धीच भरली, तर त्याची ओवी कुठाय? ती तुला कुणी शिकवली नाय का?

येसूचा नवरा नागू कांबळ्यांच्या गिरणीत होता. खोपोलीच्या अलीकडे, विजेच्या कारखान्याचं पाणी जिथून नदीला येऊन मिळतं, तिथून थोडं खाली ती गिरणी होती. लढाई सुरू झाली तशी लष्कराला कांबळी लागू लागली, आणि मुंबईच्या कुणा शेटनं नदीकाठची चिंचेची राई तोडून तिथं पत्र्याचे लांबच लांब गाळे उभे केले. पहिल्यांदा भोंगा वाजला तेव्हा वाडीतल्या म्हाताऱ्यांनी हात जोडले होते. नागूच्या घरी दोन भाऊ आणि जमीन एकाच्या पोटापुरती. नागूनं कुरकुर केली नाही. नांगर मोठ्या भावाच्या हातात दिला आणि तो गिरणीत गेला. गिरणीतला माणूस म्हणजे महिन्याला बांधलेला पगार, ना पाऊस बघायचा ना पीक. तेव्हा वाडीतल्या बायका येसूला म्हणायच्या, तुझं बरं झालं गं, तुझ्या घरी आता रोज दिवाळी.

दिवाळी वीस दिवस पुरायची. लढाईनं तांदूळ महाग केला, रॉकेल महाग केलं, लुगडी तर दुकानातून नाहीशीच केली. पगार मात्र पहिल्या दिवशी जेवढा होता तेवढाच राहिला. महिन्याचे वीस दिवस पगारावर निघायचे आणि उरलेले दहा कशावर काढायचे ते ज्याचं त्यानं बघायचं. येसूनं आधी नाचणीची आंबील केली, मग त्यात पाणी वाढवलं. करटुली, टाकळा, कुड्याची फुलं, डोंगर जे देईल ते आणलं. पण तीन वर्षांची जना टाकळ्याची भाजी बघून तोंड फिरवायची, आणि बारा तास मागावर उभा राहून आलेला माणूस ताटात पाला बघून काही बोलत नसे, तेच येसूला जास्त लागायचं.

शेवटी गिरणीतले सहा-सात जण मिळून आबाजीकडे गेले. आबाजी हा गिरणीत हजेरी लिहिणारा. पलीकडच्याच वाडीतला, पण काळी टोपी आणि कानावर पेन्सिल आल्यापासून तो आपल्याच माणसांशी सायबाच्या आवाजात बोलायचा. वाढ मागायला आलेत म्हटल्यावर त्यानं ते वर कळवायचेही कष्ट घेतले नाहीत. नागूनं घरी येऊन सगळं जसंच्या तसं येसूला सांगितलं. आबाजी म्हणाला होता, वाढीचं काढूच नका, दाराबाहेर चारशे उभे हायत. पण तुमची सोय हाय. खालापूरला सरकारनं मदतकेंद्र उघडलंय. निराधार बायांना फुकट तांदूळ मिळतो, वर मूठभर डाळ. घरच्या बायांना धाडा.

"आमी काय निराधार हाय?" नागूनं विचारलं होतं.

"मग व्हा की," आबाजी म्हणाला. "सरकार देतंय, तर शेटनं का द्यावं?"

अडचण एकच होती. केंद्राच्या दाराला फळी लावलेली होती, आणि तिच्यावर खडूनं लिहिलं होतं की घरात कमावता पुरुष असल्यास धान्य मिळणार नाही. त्यावरही आबाजीकडे तोड होती. ती त्यानं कित्येकांना आधीच सांगून ठेवली होती. नवरा परागंदा झाला म्हणायचं. कुठं गेला, म्हाईत नाय. कोण बघायला येतंय?

येसू पहिल्यांदा खालापूरला गेली ती शेजारच्या धोंडूबाईबरोबर. धोंडूबाई पन्नाशीची. तिचा नवरा गिरणीत लोकर धुवायचा, आणि तो धोंडूबाईच्या हिशेबी तीन महिन्यांपूर्वीच पळालेला होता. वाटेत तिनं येसूला सगळं पढवलं. रडायचं नाय, रडलीस की जास्त विचारतात. लाजायचं पण नाय. खाली बघायचं आणि हळू बोलायचं, म्हंजे त्यांना वाटतं बाई खचली.

केंद्रात एक वाळकुडा कारकून बसलेला होता. अलिबागेकडचा, चष्म्याची एक दांडी दोऱ्यानं बांधलेली. त्यानं येसूचं नाव लिहिलं, गाव लिहिलं आणि नवऱ्याचं नाव विचारलं. येसू गप्प. त्यानं पुन्हा विचारलं. येसू जमिनीकडे बघत उभी. त्याला वाटलं बाई बहिरी आहे, म्हणून तिसऱ्यांदा तो ओरडला.

"ती कशी घेईल नाव, भाऊसाहेब?" मागून धोंडूबाई म्हणाली. "नवरा पळाला म्हणून रीत पळाली का?"

मग धोंडूबाईनंच सांगितलं, नागू. कुठं गेला, तर आसामला, चहाच्या मळ्यात. येसूनं आसाम हा शब्द त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. कारकुनानं तो लिहून टाकला आणि येसूचा नवरा एका रेघेत हजार कोस लांब गेला.

त्यांच्या मागे वाडीतलीच हिरू होती, सखाची बायको, लग्नाला वर्ष नाही झालेलं. तिलाही तेच विचारलं. तिनं पदर सावरला आणि लग्नातल्यासारखा उखाणाच घातला:

"खोपोलीच्या डोंगराला पाण्याचे नळ,
सखाराव पळून गेले, पोटाला कळ."

रांगेतल्या बायका पदराआड हसल्या. कारकूनही हसला, मग त्यानं चष्मा काढून पुसला. तो म्हणाला, "या एवढ्याशा पट्ट्यातले एकोणतीस नवरे एकाच हंगामात पळाले. निम्मे आसामला, निम्मे बसऱ्याला. सरकारला कळलं तर पलटणच उभी करतील." बोलता बोलता त्याची नजर हिरूच्या पदरावर गेली. पदराला लोकरीचे पांढरे-करडे तंतू चिकटलेले होते. नवऱ्याचा सदरा ज्या खुंटीला, त्याच खुंटीला बायकोचं लुगडं, तर ते चिकटणारच. कारकुनानं हिरूच्या चिठ्ठीवर शिक्का मारला आणि खालच्या आवाजात म्हणाला, पुढच्या खेपेला पदर झटकून या बाई.

म्हणजे त्यालाही माहीत होतं. येसूला त्याच गोष्टीचा सगळ्यात जास्त वैताग आला. आबाजीला माहीत, कारकुनाला माहीत, गिरणीला माहीत, रांगेतल्या प्रत्येकीला माहीत. मग हे सोंग कुणासाठी? त्या दारावरच्या फळीसाठी?

पण तांदूळ आला. महिन्यातून दोनदा, बुधवारी. जनाच्या गालांवर जरा तजेला दिसू लागला, आणि तो दिसला की येसूची चीड आपोआप मुकाट व्हायची. बुधवारी सकाळी वाडीतल्या बायका नदीवर जमत. एकमेकींच्या पाठी, पदर, केस बघून लोकर वेचत. माकडं उवा काढतात तशा, असं धोंडूबाई म्हणायची. वेचता वेचता पळालेल्या नवऱ्यांची ख्यालीखुशाली चाले. कुणाच्या नवऱ्याला बसऱ्यात खजूर फार झाले, कुणाचा आसामात चहा पिऊन काळा पडला. हिरू सांगायची, माझ्या परागंदानं काल रात्रभर घोरून झोपू दिलं नाय गं. बायका हसायच्या, नदीच्या पाण्यातून लोकरीचे तंतू वाहत जायचे, आणि मग सगळ्या गंभीर तोंडं करून खालापूरची वाट धरायच्या.

नागूला हे हसणं सोसायचं नाही. बुधवारी त्याला वाटेनं जायची बंदी होती, कारण त्या दिवशी केंद्राचा तपासनीस वाडीत कधीही यायचा. म्हणून तो पहाटे उठून नदीच्या पात्रातून, दगडांवरून गिरणीत जायचा. आपल्याच गावातून चोरासारखा. एकदा जेवता जेवता त्यानं घास ताटात परत ठेवला. म्हणाला, मेलेल्याचे निदान दिवस घालतात. परागंदा माणसाचं काय घालतात? येसू म्हणाली, त्याच्या बायकोला तांदूळ घालतात, जेवा. तिला तसं तोडून बोलायचं नव्हतं. पण गोड बोलायला लागणारी ताकद तिच्यात त्या वेळी नव्हती. नागूनं घास उचलला. तेव्हापासून बुधवारचा भात तो फार सावकाश जेवायचा, प्रत्येक शिताला विचारून गिळल्यासारखा.

शिमग्याच्या आधी आणखी एक झालं. खालापूरच्या कचेरीच्या भिंतीवर केंद्रानं यादी लावली: निराधार स्त्रिया, पती परागंदा. कडावचा कुणी माणूस कज्ज्याच्या कामाला आला होता, त्यानं ती वाचली आणि घरी जाऊन येसूच्या भावाला सांगितलं. त्या रविवारी दुपारी कोंडाजी बैलगाडी जुंपून दारात हजर. गाडीत पेंढा पसरलेला, वर गोधडी टाकलेली. बहिणीला आणि भाचीला कायमचं घेऊन जायच्या तयारीनं आला होता. आणि ओटीवर नागू बसून कुडाला शेण लावत होता.

कोंडाजी गाडीवरच थिजला. "तू परागंदा झालास ना रं?"

"झालोय की," नागू हात न थांबवता म्हणाला. "बस. च्या पी."

कोंडाजीला सगळं समजावून सांगायला गुळाच्या चहाचे दोन कप लागले. आधी तो पोट धरून हसला. मग त्यानं कप खाली ठेवला. त्यानं सांगितलं की या साली त्याच्या खळ्यावरून सरकारनं लेव्हीचा सक्तीचा भात मोजून नेला, बैलगाड्या भरून, खालापूरच्याच गोदामात. म्हणजे माझाच भात फिरून तुझ्या घरात आला गं येसू, तो म्हणाला. मग मधे हा नवरा कशाला पळवला? तो गेला तेव्हा रिकामी गाडी उतारावर खडखडत गेली आणि तो आवाज बराच वेळ ऐकू येत राहिला. नागू ओटीवरून उठला नाही. शेण सुकलं तरी त्याचा हात कुडावर फिरत होता.

चैत्र लागला. एका बुधवारी कारकुनानं रांगेला सांगितलं की येत्या रविवारी सगळ्यांनी केंद्रावर यायचं. कांबळ्यांची गिरणी केंद्राला पन्नास पोती तांदूळ दान देणार आहे. सरकारचे महालकरी साहेब येणार, गिरणीचे मॅनेजर येणार, वर्तमानपत्रासाठी फोटो निघणार. जी गैरहजर राहील तिचं नाव कमी होईल. हे सांगताना तो बायकांकडे बघत नव्हता, शिक्क्याकडे बघत होता.

पन्नास पोती. परतताना धोंडूबाई वाटभर तेच घोळवत होती. पन्नास पोती दान द्यायला हायत, आणि आमच्या माणसाला महिन्याला चार पायल्यांपुरते पैसे वाढवायला नायत. येसू म्हणाली, पगार दिला तर फोटो कोण काढील? धोंडूबाईनं तिच्याकडे वळून बघितलं. म्हणाली, तू लय बोलाया लागलीस. खाली बघत जा.

त्याच आठवड्यात नागूला ताप आला. दिवसा उतरायचा, संध्याकाळी चढायचा. गिरणी चुकवली तर नाव कापतात म्हणून तो जातच राहिला. शनिवारी आबाजीनं दहा जणांना निवडलं. रविवारी लॉरी भरायची हाय, सगळे धिप्पाड गडी पायजेत. सुट्टीच्या दिवसाचा रोज मिळेल का, असं कुणी विचारलं, तर आबाजी म्हणाला, धर्माचं काम हाय, धर्माचा कुणी रोज मागतो का? नागू वाडीतला सगळ्यात उंच. येसूनं जाऊ नका म्हणून सांगून बघितलं, तापाचा काढा पुढे केला, दारात आडवी उभी राहिली. तो म्हणाला, लॉरी भरायची आणि घरी यायचं, दोन घटकांचं काम. आणि नाय गेलो तर सोमवारी गेलो तरी काय फायदा? काढा पिऊन तो गेला. दोघांनाही वाटलं, काम गिरणीतच आहे. त्यामुळे येसूनं जनाला काखेत घेतलं आणि खालापूरची वाट धरली. चिंता होती ती त्याच्या तापाची.

केंद्रासमोर मांडव घातला होता. आंब्याचे टहाळे, चार खुर्च्या, एका टेबलावर फुलांच्या कुंड्या. महालकरी साहेब वेळेवर आले आणि घड्याळ बघत बसले. मॅनेजर गोरटेले, मुंबईचे, स्वच्छ मराठी बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी बायकांना हात जोडून नमस्कारसुद्धा केला. कर्जतचा फोटोवाला तिवईवर पेटी लावून, डोक्यावर काळं फडकं घेऊन आत-बाहेर करत होता. एकोणतीस बायका उन्हात रांगेत उभ्या केल्या होत्या. सगळ्यांचे पदर झटकलेले.

मग लॉरी आली. मागचं फाळकं पडलं आणि माणसं उतरू लागली.

पहिला उतरला तो सखा. हिरूच्या तोंडून हसू फुटणार होतं, तिनं पदराचा बोळा तोंडात धरला. मग धोंडूबाईचा धिप्पाड म्हातारा. मग आणखी कुणी, आणखी कुणी. ज्यांना या बायकांनी आसामात आणि बसऱ्यात नेऊन सोडलं होतं, ते एकेक करून खालापूरच्या धुळीत उतरत होते. प्रत्येक जण मान वर करी, रांग बघी आणि मान खाली घाली. "बसरा जवळच हाय म्हणायचा," धोंडूबाई ओठ न हलवता म्हणाली. पण तिचा आवाज नेहमीसारखा नव्हता.

शेवटचा नागू. त्यानं येसूला बघितलं, जनाला बघितलं, आणि लॉरीच्या चाकाकडे बघत उभा राहिला. तापानं त्याचा चेहरा काळवंडला होता. आबाजी लगबगीनं रांगेच्या बाजूनं गेला आणि जाता जाता दबक्या आवाजात बजावत गेला. कुणी कुणाला ओळखायचं नाय. सगळ्यांचंच नुकसान होईल.

पोती वाहायला सुरुवात झाली. बायका समोर बघत होत्या. आपला माणूस तीन हातांवरून पोतं घेऊन जातो, त्याच्या पाठीचे मणके दिसतात, त्याचा श्वास ऐकू येतो, आणि आपण दारावरच्या फळीकडे बघायचं. येसूला वाटलं, हा सगळा पट्टाच वेडा झालाय, आणि त्यातल्या त्यात शहाणं कोण ते ठरवायला सगळे इथे जमलेत.

पोती थप्पीला लागली तसा फोटोवाला पुढे आला. नुसती थप्पी चांगली दिसत नाही म्हणाला. एक हमाल पोत्यासकट पाहिजे, आणि समोर घेणारी बाई, कडेवर मूल असलेली. त्यानं माणसांवरून नजर फिरवली आणि सगळ्यात उंच म्हणून नागूला निवडलं. बायकांवरून नजर फिरवली आणि जनामुळे येसूला निवडलं. दोघांना त्यानं हातानं धरून समोरासमोर उभं केलं. दोघांत तीन पावलांचं अंतर. दोघा गड्यांनी एक भरलेलं पोतं उचलून नागूच्या पाठीवर चढवलं.

जनानं बापाला बघितलं आणि दोन्ही हात पुढे केले.

येसूनं तिचं डोकं धरून आपल्या खांद्यात दाबलं. जना वळवळली, येसूनं आणखी दाबलं. आपल्या हातांना हे कसं जमतं, याचंच तिला नवल वाटलं. पोरीला बापापासून तोंड फिरवायला शिकवायचं, हेही त्या पायलीभर तांदळात धरलेलं होतं, ते कुणी आधी सांगितलं नव्हतं.

फोटोवाल्याची काच अडकली. तो फडक्याखाली काही तरी ओढाताण करू लागला. मॅनेजरांनी तेवढ्यात दोन शब्द बोलून घेतले. लढाईच्या दिवसांत गरिबाला विसरता कामा नये, म्हणाले. आपल्या बायकामुलांना वाऱ्यावर सोडून पळणाऱ्या पुरुषांची त्यांना शरम वाटते, म्हणाले. या यादीतली नावं वाचून त्यांना रात्री झोप लागली नव्हती. महालकरी साहेबांनी मान हलवली. कारकून शिक्क्याची पेटी उघडून बंद करत होता.

"पण सगळेच पुरुष तसे नसतात," मॅनेजर म्हणाले. ते नागूच्या बाजूला येऊन उभे राहिले आणि त्याच्या दंडावर हात ठेवला. "हा बघा. आमच्या गिरणीचा कामगार. इमानानं राबतो, घर पोसतो."

नागूनं वर बघितलं नाही. पोत्याच्या ओझ्यानं त्याची मान पुढे आली होती. कपाळावरचा घाम नाकाच्या शेंड्यावरून टपटप गळत होता, आणि त्याचा डावा गुडघा थरथरत होता. आधी बारीक, मग जरा जास्त. येसूला तो गुडघा ठाऊक होता. रात्री ताप चढला की तिनं त्याच गुडघ्यावर हात दाबून धरला होता, थरथर थांबेपर्यंत.

त्यानं पोतं टाकायला पाहिजे होतं. पण टाकलं तर चौकशी होईल, नाव विचारतील, आणि नाव यादीत आहे. म्हणून तो टाकत नव्हता. येसूसाठी टाकत नव्हता. आबाजी बाजूनं पुटपुटला, हलू नको, काच आता बसतेय.

मॅनेजर येसूकडे वळले. त्यांचा आवाज खरोखरच कनवाळू होता.

"बाई, तुझा नवरा असा असता, तर तुला या रांगेत यावं लागलं असतं का?"

आबाजी लांबून मान हलवत होता, नको, नको. हिरूनं धोंडूबाईचा हात धरला होता. येसूच्या मनात सगळं एकदाच येऊन गेलं: दर महिन्याचे ते शेवटचे दहा दिवस, जनाचं टाकळ्याला तोंड फिरवणं, दाराबाहेरचे चारशे, या अठ्ठावीस जणींचे तांदूळ, नागूची नोकरी. एकेक गोष्ट खरी होती आणि एकेक गोष्ट तोंड बंद ठेवायला पुरेशी होती. मग तिनं पुन्हा त्या गुडघ्याकडे बघितलं. तिनं जनाच्या डोक्यावरचा हात काढला. पोर झटकन वळली आणि बापाकडे बघू लागली.

"सायब," येसू म्हणाली, "आधी त्यांच्या पाठीवरचं पोतं उतरवा. चार दिसांचा ताप हाय त्यांना."

मॅनेजरांनी नागूकडे बघितलं, मग तिच्याकडे. "तुला कसं माहीत?"

"कसं म्हंजे? माझं घरधनी हायत ते. आसामला नाय गेलं, कुठंच नाय गेलं. दीड वर्स झालं, रोज भोंग्याला तुमच्याच गिरणीत येतात, सांजंपावतर राबतात, आन तरीबी मला हितं यावं लागतं."